चौकची बस आणि कापडाची उलटी बाजू

तर झालं असं, की 2024 च्या ऑगस्टमधल्या दुसऱ्या शनिवारी आईने सकाळी सकाळी फर्मान काढलं, "आज चौकला जायचं." आमच्याकडे आईचं 'जायचं' म्हणजे क्लायंटने दिलेली रिलीज डेट. त्यावर चर्चा होत नाही, फक्त धावपळ होते.

कारण असं, की मावशीचं ऑपरेशन नीट पार पडू दे म्हणून आई उत्तनच्या बालेशाह पीराला चादर बोलली होती. मावशी ठणठणीत होऊन महिना झाला, चादर राहिलीच. आमची आई चतुर्थी पाळणारी, वटसावित्री करणारी, नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालणारी बाई. पण "पीराला बोललेलं राहिलं तर बरं नाही" हेही तितक्याच ठामपणे म्हणणारी. घरात कुणालाच यात काही विसंगती वाटत नाही. मला इंजिनिअर म्हणून वाटायला हवी खरं तर, पण मी नवीन सर्व्हर लाइव्ह करण्याआधी त्याच्यासमोर नारळ फोडणाऱ्या लोकांत काम करतो, त्यामुळे गप्प बसतो :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चौक हे मीरा-भाईंदरचं पश्चिमेकडचं टोक. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर बस पकडायची. मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकली की शहर संपतं. दोन्ही बाजूला मिठागरं, पावसाळ्यात नुसतं पाणीच पाणी. मग डोंगरी, चर्च, क्रूस, कोळीवाडे आणि शेवटी चौक. इथेच धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत (झोपडपट्टीवाली धारावी नव्हे, ही वेगळी!). चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत या किल्ल्यासाठी बरीच मारामारी झाली. खाडीपलीकडे वसई. लोक मीरा रोडला दहा-दहा वर्षं राहतात आणि इथे एकदाही येत नाहीत. असो.

बसमध्ये गर्दी बेताची होती. खिडकी गळत होती. मी मोबाइल काढून आदल्या दिवशीची बातमी वाचायला घेतली. चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज असलं काही घालून यायचं नाही असा नियम केला होता. मुली हायकोर्टात गेल्या, जूनमध्ये हायकोर्टाने याचिका फेटाळली. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि 9 ऑगस्टला, म्हणजे आमच्या सहलीच्या आदल्याच दिवशी, कोर्टाने हिजाब, टोपी आणि बॅज यांच्यापुरती त्या नियमाला स्थगिती दिली. वर्गात बुरखा मात्र नाही. न्यायमूर्तींनी कॉलेजला साधारण असं विचारलं, की टिकली किंवा टिळा लावून आलेल्यांनाही अडवणार का, आणि धर्म कळू नये म्हणता तर तो नावावरून कळत नाही का?

बातमीखाली नेहमीची हाणामारी चालू होती. मी मान वर केली आणि बसकडे बघितलं.

पुढच्या सीटवर दोन कोळणी. गुडघ्याच्या जरा खाली येणारं लुगडं, रिकाम्या पाट्या पायाशी, आणि एकीच्या डोक्यावर चुंबळ अजून तशीच. त्यांच्यामागे एक सिस्टर, चर्चच्या. डोक्यावर करड्या रंगाचं वस्त्र, केसाची एक बट दिसत नव्हती. आमच्या पलीकडे तीन बुरखेवाल्या. एकीचा चेहरा झाकलेला, दुसरीचा उघडा, तिसरी वीस-बावीसची मुलगी, तिच्या बुरख्याखालून जीन्स आणि ओले स्पोर्ट्स शूज दिसत होते. दाराशी जाळीची टोपी घातलेले एक चाचा. डोंगरी मागे पडल्यावर माझ्या आईने पदर डोक्यावरून घेतला. "काय गं?" म्हटलं, तर म्हणाली, "पीराचं ठिकाण आलं ना." आणि मी? गळक्या खिडकीमुळे विंडचीटरचं टोपडं नाकापर्यंत ओढून बसलेलो.

सगळी बसच डोकं झाकून चालली होती. आणि त्यातल्या फक्त तिघींबद्दल देशातली कोर्टं, कॉलेजं आणि माझा मोबाइल बोलत होता.

लगेच कुणीतरी म्हणेल, सिस्टरने ते स्वतः निवडलंय. बरं. कोळणीला ओझं वाहायचंय. बरं. आणि तुझी आई? तिला विचारलं तर ती सांगेल, सासूने शिकवलं. माझी आजी तर घरात सासरे आले की पदर घ्यायची, आणि तेव्हा तिला निवड वगैरे कुणी विचारली नव्हती. त्यामुळे 'निवड' या शब्दावर मी हल्ली जरा जपून पाय टाकतो.

इतक्यात आईने ते केलं ज्याची मला धास्ती असते. ती वाकून पलीकडच्या बाईला म्हणाली, "गरम नाही का होत गं यात?"

मी टोपडं अजून खाली ओढलं.

पण ती बाई हसली. "नाही मावशी, हा निदा आहे. हात लावून बघा ना." आणि आईने लावला की हात! नुसता लावला नाही, काठ उलटा करून शिलाई बघितली. आईची ही जुनी सवय. साडी असो, पडदा असो, माझा शर्ट असो, आधी उलटी बाजू बघणार. "कापड उलटीकडून कळतं" हा तिचा सिद्धांत. मग जे सुरू झालं ते चौक येईपर्यंत संपलं नाही. निदा म्हणजे एक प्रकारचं पॉलिएस्टर, चांगल्यातलं कोरिया-जपानकडून येतं. अंगाला चिकटत नाही, चुरगळत नाही. त्याआधी क्रेप, जॉर्जेट. पूर्वीचे बुरखे दोन भागांचे असायचे, खाली घेर आणि वर टोपीवजा झूल, तोंडावर पातळ पडदा. आता अबाया, पुढून बटणं, बाहीवर खडे. नया नगरमध्ये कुठला शिंपी बरा, आणि महंमद अली रोडला गेलं तर काय वाचतं. आईने शेवटी निकाल दिला, "पावसात लगेच वाळत असेल." "तुमच्या सुती साडीच्या आधी, मावशी."

काळा रंग, काळा रंग म्हणून आपण ज्याकडे एक ठोकळा म्हणून बघतो, त्यात तिघींच्या तीन जाती होत्या कापडाच्या. मी बारा वर्षं मीरा रोडला राहतोय, रोज नया नगरवरून रिक्षाने जातो. मला त्यातला एक शब्द माहीत नव्हता.

दर्ग्यात मी खिशातला रुमाल डोक्याला बांधला. चादर घेताना आईने तीही उलटी केली. वरून झगझगीत, आतून काहीतरी खरखरीत. "वरवरचा दिमाख," आई पुटपुटली, पण घेतली.

यावरून मला मशरूची आठवण झाली. बऱ्याच वर्षांपूर्वी मित्राच्या लग्नाला औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) गेलो होतो, तेव्हा एका हिमरूच्या दुकानात म्हाताऱ्या मालकांनी अर्धा तास बसवून समजावलं होतं. इस्लाममध्ये रेशीम आणि सोनं बायकांना चालतं, पुरुषांना नाही. आता सुलतान, नवाब, जहागीरदार, या मंडळींनी काय सुती बंडी घालून दरबार भरवायचा? तर विणकरांनी तोड काढली. उभे धागे रेशमाचे, आडवे सुताचे, आणि वीण साटिनची, म्हणजे आडवा धागा एका रेशमी धाग्यावरून जातो आणि पुढच्या कितीतरी धाग्यांखालून सरकतो. त्यामुळे वर सगळं रेशीम तरंगतं आणि अंगाला लागतं ते सूत. रेशीम कातडीला शिवलंच नाही, तर नियम मोडला कुठे? म्हणून नाव मशरू, अरबीत 'शरियतीला मान्य'. हिमरू हे त्याच घरातलं, सूत आणि रेशीम एकत्र. नाव फारसी 'हमरू'वरून आलं, म्हणजे 'सारखं दिसणारं', असं सांगतात. मशरू अजून गुजरातेत पाटणला आणि कच्छात मांडवीला विणतात, रेशमाच्या जागी बहुतेक रेयॉन आलंय.

मला हे ऐकून इतका आनंद झाला होता! याला आमच्याकडे वर्कअराउंड म्हणतात. रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये लिहिलंय 'त्वचेला रेशीम लागता कामा नये', मग आर्किटेक्चरच असं करा की लागणारच नाही. ऑडिटमध्ये पास, आणि दिसायला राजेशाही. आईच्या सिद्धांताचीही इथे फत्ते झाली, कारण मशरूचं सगळं इंगित उलट्या बाजूलाच आहे.

पण आता चौकला, चादर हातात धरून उभा असताना, मला त्या गोष्टीतलं दुसरं काहीतरी दिसलं. कपड्यांचा नियम पुरुषांनाही होता. पण तो नियम पुरुषांना जाचला, तेव्हा अख्खा विणकाम धंदा त्यांच्यासाठी तोड शोधायला बसला. एक नवं कापड निघालं. आणि आज कुणाही मुसलमान पुरुषाला रस्त्यात थांबवून कुणी विचारत नाही, की बाबा रे, तुझ्या शेरवानीचं अस्तर कसलं आहे?

पुरुषांना कधीच त्रास झाला नाही असं नाही. टोपीचंच बघा. तुर्कस्तानात 1829 मध्ये सुलतान दुसरा महमूद याने सरकारी लोकांना पगडी काढून फेज घालायला लावली, ती लाल गोंड्याची टोपी. तेव्हा फेज म्हणजे आधुनिक. 1925 मध्ये मुस्तफा कमालने कायदा करून तीच फेज काढायला लावली आणि हॅट घालायला सांगितली, कारण आता फेज म्हणजे मागासलेपण. शंभर वर्षंही नाही झाली, आणि नवं व्हर्जन जुनं होऊन बादही झालं! पण टोपी विस्मरणात जाते. बायकांचं तसं नाही. इराणमध्ये 1936 मध्ये रझा शाहने पडदा सक्तीने उतरवला, पोलीस रस्त्यात चादरी ओढायचे. 1979 च्या क्रांतीनंतर तोच सक्तीने घालायला लावला. 2022 च्या सप्टेंबरमध्ये तेहरानमध्ये महसा अमिनी नावाची 22 वर्षांची मुलगी तो 'नीट' घातला नाही म्हणून पकडली गेली आणि कोठडीत असताना मेली. एकाच देशात, एकाच डोक्यावर, दोन उलटे कायदे, आणि काठी दोन्ही वेळा पोलिसाच्याच हातात.

दर्ग्याच्या पायरीशी एक किन्नर बसली होती. हिरवी साडी, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, डोक्यावर पदर, अगदी आईसारखा. तिनेही चादर आणली होती, आमच्यापेक्षा चांगली. आईने तिला पाया पडून दहा रुपये दिले, तिने आईच्या डोक्यावर हात ठेवला. तिचा धर्म कोणता, कोणास ठाऊक. मुंबईतल्या हिजड्यांच्या घराण्यांत कितीतरी रीती मुसलमानी आहेत, जन्माने हिंदू असलेल्या चेल्यासुद्धा त्या पाळतात.

अहमदाबादला मूसा सुहाग नावाच्या सूफी संताचा दर्गा आहे. पंधराव्या शतकातला माणूस. तो बायकांचे कपडे घालायचा, बांगड्या भरायचा, स्वतःला देवाची सुवासिन म्हणवायचा. आख्यायिका अशी, की दुष्काळ पडला तेव्हा काझीसकट सगळे त्याच्याकडे आले. त्याने हातात दगड घेतला आणि आभाळाकडे बघून म्हणाला, पाऊस पाठवतोस की फोडू बांगड्या? आणि आला पाऊस! दुसरी आख्यायिका, की लोकांनी त्याला पांढरे कपडे चढवून मशिदीत नमाजाला उभं केलं, आणि तो 'अल्लाहू अकबर' म्हणताच कपडे आपोआप लाल झाले. त्याच्या पंथाच्या लोकांना सदा सुहागन म्हणत. दर्ग्यात लोक अजून बांगड्या वाहतात.

चमत्काराचं मला सोडा, मी नारळवाला. पण सहाशे वर्षांपूर्वी साडी-बांगड्यांतल्या पुरुषाला एक समाज पीर मानून घेतो, आणि 1871 मध्ये इंग्रज सरकार गुन्हेगार जमातींचा कायदा आणतं, त्यात एक कलम असं, की नोंद झालेला हिजडा रस्त्यावर बाईच्या वेशात किंवा दागिन्यांत दिसला तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. निव्वळ कपड्यांसाठी! 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना तृतीयपंथी म्हणून मान्यता दिली. पायरीवरच्या बाईला यातलं काय माहीत होतं कोण जाणे. ती आईला विचारत होती, साडी कुठून घेतली.

सोमवारी ऑफिसात लंचला मी हे सगळं रंगवून सांगितलं. ऐकायला आमची टेस्टर होती. ती कोकणी मुसलमान, मूळ चिपळूणकडची, राहते नया नगरला. घरात कोकणी बोलतात, माझ्याहून शुद्ध. ती हिजाब घालते, खाली कुर्ता आणि जीन्स. तीन वर्षं शेजारच्या क्युबिकलमध्ये बसूनही या विषयावर मी तिच्याशी एक अवाक्षर काढलं नव्हतं. सभ्यपणा म्हणून, असं मी समजायचो. भित्रेपणा म्हणून, हे जास्त खरं.

"माझी दादी साडी नेसायची," ती म्हणाली. "पदर डोक्यावर, तुमच्या आईसारखाच. बुरखा तिने आयुष्यात घातला नाही, भात लावायला जायची, बुरख्यात कसा लावणार? मग पप्पा कुवेतला गेले. पहिल्या सुट्टीत मम्मीला दोन बुरखे आणले, सोबत मिक्सर आणि कंबल. गावात ज्यांच्याकडे बुरखा आला त्यांच्याकडे पैसा आला, असं होतं ते. मम्मीला मिरवायला आवडायचं."

"आणि तू?"

"मी कॉलेजात गेल्यावर घालायला लागले. मम्मी नको म्हणत होती, नोकरी मिळणार नाही म्हणून." मग थोडं थांबून, "काही दिवस वाटतं काढावा. काही दिवस वाटतं, लोक काढ म्हणतात म्हणूनच काढणार नाही. सर, तुम्हाला एकच उत्तर पाहिजे असतं ना, ते माझ्याकडे नाही."

तिने अजून एक सांगितलं. कुराणात सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवायचा हुकूम आधी पुरुषांना आहे, आयत 30. बायकांचं पुढच्या आयतीत येतं. "सगळे थेट 31 वर उडी मारतात," ती म्हणाली. टेस्टर आहे हो. पहिली पायरी गाळलेली तिला लगेच दिसते.

हमीद दलवाई तिच्याच बाजूचे, मिरजोळीचे. 18 एप्रिल 1966 ला त्यांच्या पुढाकाराने सात मुसलमान बायकांनी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला होता. सात! त्यांची मागणी कपड्यांची नव्हती, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा ही होती. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला 22 ऑगस्ट 2017 ला. एकावन्न वर्षं. इतकी वर्षं आपण बाकीचे त्या बायकांच्या अंगावर काय आहे यावरच बोलत होतो, असं मला कधीकधी वाटतं. कपडा दिसतो, तलाकनामा दिसत नाही.

आता जे सांगायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं, ते.

2011 मध्ये मी दुसऱ्या एका कंपनीत होतो. तिथे इंटरव्ह्यू पॅनेलवर बसायचो. एक मुलगी आली, हिजाबमध्ये. मी तिला एसक्यूएलची एक जरा वाकडी क्वेरी घातली, जी त्या दिवशी सकाळपासून पाच जणांनी चुकवली होती. तिने पेन उचललं, लेफ्ट जॉइन लावला, नल व्हॅल्यूचा विचार करून एका फटक्यात लिहिली. बाहेर गेल्यावर पॅनेलवरचा सीनियर म्हणाला, "टेक्निकली छानच आहे. पण रोल क्लायंट-फेसिंग आहे रे..." वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. करायची गरजच नव्हती. फॉर्म माझ्यासमोर होता. मी 'कल्चर फिट' च्या रकान्यात 'बॉर्डरलाइन' लिहिलं. कुणी माझा हात धरून लिहून घेतलं नाही.

हे मी तेरा वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. त्या दिवशी डबा उघडा ठेवून टेस्टरला सांगितलं. का, ते नीट माहीत नाही. बहुतेक तिने 'जाऊ द्या सर' म्हणावं अशी आतून अपेक्षा असावी.

ती म्हणाली नाही. तिने विचारलं, "तिला कारण काय कळवलं?"

"काहीच नाही. नेहमीचा मेल गेला असेल. 'आम्ही दुसऱ्या उमेदवारांसोबत पुढे जात आहोत'."

"आणि क्वेरी बरोबर होती?"

"शंभर टक्के."

तिने डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे तिला आजपर्यंत वाटत असेल, की तिची क्वेरी चुकली."

आणि उठून गेली. संध्याकाळी साडेपाचला तिने माझ्या मॉड्यूलवर तीन बग टाकले. तिन्ही बरोबर होते.